बंदीच्या डोहातलं खवलं

मी एक खवलं. गारिंग माशाच्या उजव्या कुशीवरचं, अंगठ्याच्या नखाहून बरंच मोठं, आणि आता अर्धंच. तुम्ही खवल्याला 'ते' म्हणता, ठाऊक आहे मला. तरी मी बाईसारखीच बोलणार. माझ्यात जे काही टिकून राहिलं ते माझ्या आईकडून आलं, तिला तिच्या आईकडून मिळालं, आणि मध्ये कुठल्याही बापाचा त्यात हात नाही.

मेलेल्याचा तुकडा बोलायला लागला की ऐकणारे जरा मागे सरकतात. सरका. पण ऐका. माझी मालकीण रोसमा कशाने गेली, हे कोतो अंपेल गावात लहानथोर सगळे खात्रीने सांगत होते, आणि सगळे चुकत होते. ते चुकताहेत हे दाखवू शकेल असं त्या डोहातलं जुनं काही उरलंच नव्हतं. उरले होते फक्त मी, सुयांच्या डब्यात.

लासुआंग नदी गावाच्या खाली काळ्या कातळाला धडकते आणि वळते, तिथे तो डोह आहे. माझी आई तिथली. कातळाच्या पोटात एक गुहा आहे, तिच्या तोंडाशी ती तासन्तास नुसती कल्ले हलवत उभी असायची. मी तिच्या अंगावर वाढले. पाऊसपाणी चांगलं झालं की माझ्यावर रुंद वर्तुळ उमटायचं, नदी आटली की चिंचोळं. अजूनही उजेडात धरलं तर ती वर्तुळं दिसतात.

त्या डोहाला बंदी होती. गाव वसवणाऱ्या पहिल्या आईने वरच्या ओढ्यातून गारिंगची एक मादी मडक्यात घालून आणली आणि इथे सोडली, असं गाव सांगतं. डोहातले सगळे मासे त्या मादीच्या लेकी. म्हणून कुळाचा प्रमुख, ज्याला सगळे दातुक म्हणतात, तो डोहावर या काठापासून त्या काठापर्यंत वेताची दोरी ताणतो आणि शपथ घालतो: या आईच्या लेकींना जो चोरून खाईल, त्याचं पोट फुगेल, आणि फुगलेलं पोट घेऊनच तो मातीत जाईल. काही वर्षांनी एकदा दातुक दोरी सोडतो. त्या एका दिवशी सगळं गाव जाळी घेऊन उतरतं, लहान मासे परत सोडतं, आणि दिवस मावळायच्या आत दोरी पुन्हा ताणली जाते.

अशाच एका दिवशी माझी आई जाळ्यात आली. चोरून नाही, अगदी रीतसर. मारणारा रीतीने मारत असला तरी सुरी काही मऊ होत नाही.

रोसमा तेव्हा परकरातली पोर होती. मोठ्या बायकांच्या मधे बसून खवले खरवडत होती. मी उडाले आणि तिच्या कोपराला चिकटले. तिने मला सोडवलं, सूर्याकडे धरलं, आणि ओच्यात टाकलं.

तिचा थोरला भाऊ शाहरिल ओरडला, "खवलं काय ठेवतेस? घरभर वास सुटेल."

"मग तू नाक धरून बस, उदा," ती म्हणाली. थोरल्या भावाला ती उदा म्हणायची.

पुढे रोसमा कशिदा काढायला लागली. नवऱ्यामुलींच्या ओढण्या, गाद्यांची झालर, पालखीला असतात तसे मखमली पडदे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिच्या सुया होत्या, आणि त्यांच्यात मी. कापडाची घडी बसवायला बाकीच्या बायका नख वापरत. ती मला वापरायची. अंगठ्याखाली धरून मला शिवणीवरून ओढायची, आणि घडी सुरीसारखी सरळ बसायची. माझ्या एका कडेला तिच्या अंगठ्याचा खळगा पडला आहे. त्या वर्षांत मी मेलेली आहे हे मला कधी जाणवलंही नाही.

इथे घर बायकांचं असतं. शेत बायकांचं. कूळ आईकडून चालतं, मुलगी आईच्या घरात राहते, नवरा तिच्याकडे नांदायला येतो. ऐकायला फार छान वाटतं, नाही? पण बैठकीत तोंड उघडायचं ते मामाने. भाचरांचं काय करायचं ते मामा ठरवणार, शेताचा निवाडा मामा करणार, बहीण आजारी पडली तरी तिला कुठे न्यायचं हे मामाला विचारून. शाहरिल पुढे दातुक झाला. माझ्या रोसमाच्या घरातलं शेवटचं वाक्य त्यानंतर नेहमी त्याचं असायचं.

मग डोंगर फुटला. फुटला म्हणजे, वर धुमसणाऱ्या डोंगराच्या माथ्यावर साठलेली राख पावसाने सुटली आणि चिखल, दगड, झाडं असं सगळं नदीतून खाली आलं. गाव वरच्या मशिदीकडे पळालं. रोसमाने एका हाताने लेकीला ओढलं, दुसऱ्या काखेत सुयांचा डबा. त्या दिवशी डब्यात बसल्या बसल्या मला धाप लागली. मला कल्ले नाहीत, तरी ते राखेने भरत गेलेले मला कळले. एकेक करून खाली कोणी तरी थांबत होतं. मग सगळं शांत झालं.

पाणी ओसरल्यावर डोहावर पहिला उतरला तो दातुक.

काही आठवड्यांनी लोक काठावर गेले तर डोहात मासे होते. लहान, बोटभर. "मोठे गुहेत गेलेत," दातुक म्हणाला, "घाबरलेत. येतील." लोकांना हेच ऐकायचं होतं. शेतं गेली होती, पूल गेला होता. निदान पहिल्या आईच्या लेकी राहिल्या. हळूहळू कोणी म्हणायला लागलं की गुहेच्या तोंडाशी काळी सावली हलताना पाहिली. कोणी म्हणालं, सावली माणसाएवढी होती. जे मासे उरलेच नव्हते, त्यांची भीती आधीपेक्षा वाढली.

रोसमा कधीकधी कातळावर बसून कशिदा काढायची. डबा उघडा असायचा. मी खालच्या पाण्याला हाक घालायची. वर आलेले मासे दिसायला अगदी आमच्यासारखे, तीच चांदी, तोच जाड ओठ. पण एकानेही ओळख दिली नाही. त्यांच्यात माझं कोणी नव्हतं. हे मी कोणाला सांगणार? खवल्याला कोण विचारतं?

त्यानंतरच्या वर्षी पाटाचं पाणी रोसमाच्या खाचरात सुटलं आणि त्याबरोबर एक मासा आला. भाताच्या चुडांमध्ये तडफडत होता. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि उचलला. घरात तिखट आणि भात याशिवाय काही नव्हतं, लेक नेल्फिरा तेरा वर्षांची, सतत भुकेली. चिंच, मिरच्या, हळदीचं पान घालून आंबट-तिखट कालवण झालं. माय-लेकी दोघी जेवल्या. डोकं नेल्फिराने चोखून खाल्लं. शेजारच्या एतेक मार्नीला वास गेला. एतेक म्हणजे मावशी. सगळ्या आळीची मावशी होती ती, आणि नाक फार तिखट.

सहा-सात महिन्यांनी रोसमाचं पोट वाढायला लागलं.

"किती महिने झाले?" एका बाईने विहिरीवर विचारलं. रोसमाचा नवरा जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. सगळ्या हसल्या. मग पोट वाढलं आणि हात-पाय काटक्या झाले, तेव्हा हसणं थांबलं. एतेक मार्नीला कालवणाचा वास आठवला. त्या आठवड्यापासून रोसमाच्या हातचं पाणी कोणी घेईना. ओढण्यांचं काम बंद झालं. नवऱ्यामुलीच्या डोक्यावर असल्या बाईचा कशिदा कोण घालणार?

दातुकने ठरवलं, डोहाची माफी मागायची. पिवळा भात, उकडलेलं अंडं, धूप. रोसमाला दोघींनी धरून कातळावर बसवलं. तिने पाण्याला हात जोडले. माफी झाली, पोट उतरलं नाही. मग दुसऱ्यांदा माफी. मग डोंगरापलीकडचा मांत्रिक. शेवटी पदांग शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "इतके दिवस कुठे होतात तुम्ही?"

तेव्हा नेल्फिराने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मासा मीपण खाल्ला. माझं पोट का नाही फुगलं?"

"लहान मुलांना माफ असतं," मामा म्हणाला.

"कोणी केलं माफ? माशाने?"

त्यावर तिला एक थप्पड मिळाली. इथे मोठ्यांचं उत्तर संपलं की थप्पड सुरू होते.

रोसमा गेली. दफन झालं, पण मागून घरी कोणी आलं नाही. इथे माणूस गेलं की बायका केतकीच्या पानांच्या विणलेल्या पिशवीत तांदूळ घेऊन येतात, गेलेल्याच्या घरात बसतात, दुआ होते, जेवण होतं, गेलेल्याची निंदा नाही तर कौतुक होतं. रोसमाच्या घरात चटया अंथरल्या होत्या. त्या तशाच गुंडाळून ठेवल्या गेल्या.

सुयांचा डबा माळ्यावर गेला. झाकण गंजलं. सुया एकमेकींना चिकटल्या. पण माझ्यावरचा अंगठा गेला नाही. अंधारात मध्येच मला दाब जाणवायचा, ऊब जाणवायची, आणि कोणी तरी मला नसलेल्या कापडावरून सरळ ओढत न्यायचं. घडी बसत नसे. पुन्हा ओढायचं. मेलेली बाई हातातलं काम का सोडत नाही, हे मला कळत होतं. तिला चोर म्हणून पाठवलं होतं.

एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला राखेत गुदमरलेल्या माझ्या आया-बहिणी. एवढ्याशा डब्यात किती गर्दी असावी!

नेल्फिरा पदांगला शिकायला गेली. जीवशास्त्र. मामा म्हणाला होता, मुलीच्या जातीला मासे चिरायला कॉलेज कशाला. ती म्हणाली, "चिरायला नाही, विचारायला." एका सुट्टीत ती मागच्या बाजूचं छप्पर दुरुस्त करायला माळ्यावर चढली आणि डबा तिच्या हाताला लागला. झाकण चाकूने उचकटलं. सुया बाजूला करून तिने मला उचललं, सूर्याकडे धरलं. अगदी तिच्या आईसारखं. अंगठा आपोआप खळग्यात बसला.

मग एकदम म्हणाली, "हे पुराच्या आधीचं आहे."

विद्यापीठात तिच्या यार्मिलाबाई नद्यानद्यांतल्या गारिंगची नाती लावत होत्या. कोणत्या नदीतले कोणाचे जवळचे, कोण कोणापासून कधी फुटले. दिसण्यावर जाऊन उपयोग नाही. गारिंग सगळे सारखेच दिसतात. म्हणून त्या पेशीच्या आत जातात. पेशीत शक्ती तयार करणाऱ्या बारीक तंतुकणिका असतात, आणि त्यांचा स्वतःचा एक छोटा डीएनए असतो. तो फक्त आईकडून मिळतो. हजारो पिढ्यांत त्यात एखाद-दुसरं अक्षर बदलतं, आणि तो बदल लेकीकडे, तिच्या लेकीकडे जातो. जितकी अक्षरं वेगळी, तितक्या दोघींच्या आया एकमेकींपासून लांब.

नेल्फिराने मला कात्रीने अर्धं कापलं. खोटं कशाला सांगू, दुखलं नाही, पण माझी अर्धी वर्तुळं गेली. माझ्या बुडाशी आईच्या कातडीचा वाळलेला पापुद्रा होता. तो तिने रसायनात विरघळवला, आणि त्यात माझी आई सापडली. पिढ्यान्पिढ्यांच्या आया सापडल्या. इतकी वर्षं मी ज्यांच्या हाका ऐकत होते, त्या नुसत्या माझ्या मनात नव्हत्या तर.

डोहातल्या माशांच्या परांचे बारीक तुकडे तिने आधीच आणले होते, मासे जिवंत परत सोडून. वरच्या धबधब्याच्या पलीकडच्या ओढ्यातल्या माशांचेही. सगळं समोर आलं तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला. डोहातले सगळे मासे एकाच साच्यातले, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही, जणू दोन-चार आयांच्याच लेकी. माझ्याशी त्यांचं काही जुळत नव्हतं. एवढा फरक पडायला युगं लागतात; पुरापासून आत्तापर्यंत तो पडूच शकत नाही. माझी जवळची नाती निघाली वरच्या ओढ्यात. म्हणजे पहिल्या आईने वरून मादी आणली ही गावाची गोष्ट बहुधा खरी होती. फक्त ज्या माशांकडे बोट दाखवून लोक ती सांगत होते, ते मासे वेगळे होते.

"उड्या मारू नकोस," यार्मिलाबाई म्हणाल्या. "एक खवलं म्हणजे एक साक्षीदार. त्या काळी डोहात दोन कुळं एकत्र राहत नसतील कशावरून?"

"मग दुसरा साक्षीदार आणते," नेल्फिरा म्हणाली. "तो जिवंत आहे."

ती गावात आली ती डोह उघडायच्या आदल्या आठवड्यात. पुरानंतर प्रथमच दोरी सुटणार होती. माझी काचेची नळी तिच्या पिशवीत होती. टपरीवर पुरुष कॉफीच्या पानांचा काढा नारळाच्या करवंट्यांमधून पीत बसले होते.

"काय गं, मास्तरीण! माशांची शेपटं कापून कापून नवरा सापडला का?"

"सापडला होता. पण तुमच्यासारखा दिवसभर टपरीवर बसणारा निघाला, परत सोडून दिला."

"लहान असतो तो परत सोडायचा," दुसरा म्हणाला, आणि पहिल्यावरच सगळे खिदळले.

दातुक त्याच्या बायकोच्या घरी ओसरीवर बसला होता. आता केस पांढरे, गुडघे धरलेले. तिने नळी चटईवर ठेवली.

"मामा, अमाकने खाल्लेला मासा डोहाचा होता का?" आईला ती अमाक म्हणायची.

"हे काय विचारणं झालं? पाटातून आला म्हणजे डोहातूनच आला."

"डोहातून आला, मान्य. डोहाचा होता का?"

त्याने नळी हाताने दूर सारली. मग म्हणाला, "कॉलेजात असं तोंड वर करून बोलायला शिकवतात वाटतं."

"तुम्ही दातुक कसे झालात, मामा?"

"आता हे मी तुला शिकवायचं? माझ्या मामाकडून. आईच्या कुळातून."

"तुमच्या मुलाला मिळेल ही पदवी?"

"त्याला कशी मिळेल? त्याचं कूळ त्याच्या आईचं."

"तसाच माशांच्या पेशीत एक धागा असतो. बाप कितीही मोठा असू दे, त्याला तो पुढे देता येत नाही. आईच देते. या खवल्यातला धागा मी वाचला. आत्ताच्या डोहातल्यांचा वाचला. कूळ वेगळं आहे, मामा. थोडंथोडकं नाही, नदीच वेगळी आहे."

"एवढ्याशा खवल्यावरून?"

"माझ्या बाईही हेच म्हणाल्या. म्हणून तर तुम्हाला विचारायला आले. एकट्या खवल्यावर भागलं असतं तर सरळ टपरीवर जाऊन बोलले असते."

म्हाताऱ्याने नळी उचलली. मला त्याने ओळखलं. वास सुटेल म्हणून जिच्यावर ओरडला होता, तिच्याच अंगठ्याचा खळगा त्याच्या डोळ्यांसमोर होता.

"सगळे मेले होते," तो म्हणाला. "पुराच्या दुसऱ्या सकाळी. पोटं वर करून. डोहभर पांढरे. मी आणि माझा एक मेहुणा, दोघांनी वाळूत पुरले. मेहुणाही आता नाही. लोकांचं सगळं गेलं होतं, पोरी. अजून हेही गेलं म्हणून कसं सांगायचं? दूरच्या प्रांतात पैदास केंद्र आहे, तिथून पिल्लं आणली. पिंपात घालून."

"आणि शपथ?"

त्याने नळी चटईवर परत ठेवली.

"शपथ जुन्या आईच्या लेकींवर होती. नव्यांवर घालायला हवी होती. पण पुन्हा शपथ घातली असती तर लोकांनी विचारलं असतं, का म्हणून. म्हणून घातलीच नाही."

"म्हणजे दोरी नुसतीच होती."

"नुसतीच."

"अमाकला दोनदा त्या पाण्यापुढे हात जोडायला लावलेत. तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला."

"मलाच भीती वाटली!" तो एकदम मोठ्याने म्हणाला. "वाटलं, जुने मासे चिडलेत. परक्यांना त्यांच्या घरात आणलं मी. शाप माझ्यावर यायचा, तो बहिणीवर गेला. आपल्यात सगळं आईच्या रक्तातूनच जातं ना? मग शापही जाईल. माफी मी तिच्याकडून मागवत होतो, ती माझी होती."

"तिच्या पोटात गाठ होती, मामा. शाप जुना नव्हता आणि नवाही नव्हता. तुम्ही त्याच दिवशी बोलला असतात तर लोकांनी तिला शिवायचं सोडलं नसतं. तुम्ही स्वतः तिला आधी दवाखान्यात नेलं असतंत."

आतून मामी बाहेर आली होती, हातात काढ्याची करवंटी घेऊन. ती उंबऱ्यातच थांबली.

"डोह उघडायच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा," नेल्फिरा म्हणाली.

"सांगितलं तर भीती जाईल. भीती गेली की दोरीला कोण विचारतो? आठवड्यात डोह रिकामा होईल. ते मासे परके असले तरी जिवंत आहेत. खालची अख्खी नदी मेली, एवढाच डोह राहिलाय, तोही भीतीमुळे. शिकलेली आहेस, एवढं कळत नाही?"

हे खरं होतं. तिला कळत होतं. तिचा हात माझ्या नळीवर घट्ट झाला. माशांसाठीच तर तिने आयुष्य लावलं होतं.

"त्या भीतीच्या कुंपणात माझी आई पुरलीय," ती म्हणाली. "तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन. पण तुम्ही बोलायला हवं. इथे मामाच बोलतो ना?"

शुक्रवारची नमाज झाली आणि गाव डोहावर उतरलं. पोरं, जाळी, पातेली, म्हाताऱ्या छत्र्या उघडून. दातुक काळा पोशाख घालून कातळावर चढला, हातात दोरी सोडायचा कोयता. दोरी सोडताना म्हणायचे बोल ठरलेले आहेत. तो ते म्हणाला नाही.

त्याने सगळं सांगितलं. वाळूत पुरलेले मासे, पिंपं, न घातलेली शपथ. शेवटी म्हणाला, "माझी बहीण रोसमा चोर नव्हती. तिने या डोहाचं काही खाल्लं नाही. ती आजारी होती, आणि मी गप्प होतो."

एक पोरगं हसलं, त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं.

मग एतेक मार्नी पुढे आली. "म्हणजे दातुक, मी तिच्या हातचं पाणी सोडलं ते...?"

"माझ्यामुळे."

"नाही," ती म्हणाली. "सोडलं मीच. तुम्ही तर नुसतं सोडू दिलंत."

ती वळली आणि चढ चढून घरी गेली. काही बायका तिच्यामागे गेल्या. पुरुष उभे राहिले, एकमेकांकडे पाहत. मग कोणी तरी जाळं टाकलं.

पुढचं दातुक म्हणाला तसंच झालं. दोरी पुन्हा ताणली गेली, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वाहून गेलेली दिसली. मग मोठी जाळी आली, मग पाण्यात वीज सोडायला बॅटरीच्या तारा. डोह आठवडाभरही टिकला नाही. एका टपरीवाल्याने नेल्फिराला विचारलं, "झालं का तुझं समाधान?"

"मासे तुम्ही खाल्लेत आणि समाधान मला विचारता?" ती म्हणाली, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. रिकाम्या डोहाच्या काठी ती बसून राहिली, आणि मी तिच्या मांडीवर, काचेत. पाण्यात काहीच हललं नाही. सावलीसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात रोसमाच्या घरात चटया अंथरल्या गेल्या. दातुक स्वतः दाराशी बसला, आणि आत नेल्फिरा. कोणी येईल याची दोघांनाही खात्री नव्हती. आधी एतेक मार्नी आली, केतकीच्या पिशवीत तांदूळ घेऊन. मग विहिरीवर हसलेली बाई. मग एकेक करत इतक्या आल्या की चटया पुरेनात. एकीने तर रोसमाच्या हातची ओढणी डोक्यावर घेतली होती. कुठे लपवून ठेवली होती कोण जाणे. दुआ झाली. लोक जेवले. कोणी तरी म्हणालं, रोसमाच्या घड्या फार सरळ असायच्या. नेल्फिरा इतक्या वर्षांनी तेव्हा रडली, आणि एतेक मार्नीने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

त्या दिवसापासून माझ्यावरचा अंगठा उठला. अंधारात आता मला कोणी ओढत नाही. रोसमा गेली, आणि मला तिचा हेवा वाटतो.

मी पदांगला एका थंड कपाटात आहे, काचेच्या नळीत, अर्धी. यार्मिलाबाईंच्या नात्यांच्या चित्रात माझी एक बारीक फांदी आहे. तिच्या शेजारी वरच्या ओढ्यातली नाती, पण तिच्यापुढे काही नाही. फांदी तिथेच संपते. मधून मधून नेल्फिरा कपाट उघडते, नळी उजेडात धरते, आणि परत ठेवते.

तुमच्याकडेही असतील असे डोह, आणि असे दातुक. मोठी माणसं जे गेलं ते गेलं म्हणून सांगत नाहीत. त्याच्या जागी भलतंच आणून ठेवतात, आणि मग गेलेल्याच्या नावाने जिवंत माणसांना मारतात. त्यांना विचारा. थप्पड बसली तरी विचारा. तुमच्यात काही मेलं असेल तर त्याच दिवशी मोठ्याने सांगा, म्हणजे निदान त्यासाठी रडता तरी येईल.

रोसमासाठी उशिरा का होईना, लोक तांदूळ घेऊन आले. माझी आई तर रीतसर गेली. पण तिच्या बहिणी, त्यांच्या लेकी, राखेत गुदमरलेलं ते अख्खं कूळ वाळूत घाईघाईने लोटलं गेलं, आणि त्यांच्यासाठी अजून कोणीच आलेलं नाही.